एलियासाठी राखलेली खुर्ची

मित्रांनो, मी बुखाऱ्यातल्या यहुदी मोहल्ल्यातली एक जुनी खुर्ची आहे. तुम्ही कितीही दमून आला असाल, तरी माझ्यावर टेकू नका. मी संदेष्टा एलिया यांच्यासाठी राखलेली आहे. ते अजून यायचे आहेत.

माझं लाकूड तुतीचं. तळ्याकाठची एक म्हातारी तुती वादळात आडवी झाली आणि तिच्या खोडातून मी निघाले. मला घडवणाऱ्या सुताराला मूलबाळ नव्हतं. त्याने माझ्या पाठीवर डाळिंबं कोरली. ती इतकी दाणेदार होती, की मी अंगणात वाळत असताना चिमण्या येऊन चोच मारून बघायच्या आणि फसल्यासारख्या उडून जायच्या. शेवटी माझ्या हातांवर तेल चोळताना तो म्हणाला, "तुझ्या अंगाखांद्यावर तरी पोरं येऊ देत बाई."

आणि आली. आमच्यात मुलगा आठ दिवसांचा झाला की त्याची सुंता करतात. त्याआधी त्याला क्षणभर माझ्यावर ठेवतात, कारण अशा प्रत्येक प्रसंगाला एलिया साक्षीला येतात असं आमची माणसं मानतात. माझ्यावर रेशमी गादी असायची, तिच्यावर बायकांनी भरलेलं कापड, आणि त्यावर नुकतंच दूध प्यायलेलं लालबुंद गाठोडं. कुणी रडायचं, कुणी झोपायचं, बहुतेक जण मला ओलं करून जायचे. मला त्याचा राग कधी आला नाही. संदेष्टा बसायला आला आणि त्याने गादी चाचपून पाहिली तर काय, एवढीच काळजी वाटायची.

माझी देखभाल करायचे हिझकियो अका. अका म्हणजे थोरले दादा. मोहल्ल्यातले लहानथोर त्यांना तसंच म्हणायचे. त्यांचा धंदा सूत रंगवण्याचा. त्यांचे हात कोपरापर्यंत निळीने निळे झालेले होते आणि ते सणालाही तसेच असायचे. दर शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, प्रार्थना संपली की चहाच्या वाटीवर ते जुन्या संदेष्ट्यांची दोन भाकितं सांगायचे. पहिलं यिर्मयाचं: देशोदेशी पांगलेले एक दिवस उत्तरेच्या मुलखातून मोठा काफिला करून घरी परततील, आणि त्यात आंधळे, पांगळे, गरोदर बायासुद्धा असतील. दुसरं सगळ्यात शेवटच्या संदेष्ट्याचं: तो मोठा दिवस उगवण्याआधी एलिया येतील, बापांची मनं लेकरांकडे वळवतील आणि लेकरांची बापांकडे.

"आधी एलिया, मग काफिला," असं ते दरवेळी बजावायचे. ऐकणारे मान हलवायचे आणि चहा मागायचे.

पुढे सोव्हिएत राजवटीने, मी जिथे असायचे त्या आमच्या प्रार्थनाघराला कुलूप लावलं. हिझकियो अकांनी मला आपल्या घरी नेऊन गोधड्यांच्या ढिगाखाली ठेवलं. सुंता करायला बंदी होती, विशेषतः ज्याच्या खिशात कम्युनिस्ट पक्षाचं कार्ड असेल त्याला. पण आमच्या माणसांनी त्यावर एक तोड काढली. मुलाचा बाप कामाचं निमित्त काढून समरकंदला जायचा. मागे आजोबा सगळं उरकून घ्यायचे. बाप परतला की भर अंगणात उभा राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा ओरडायचा, "माझ्या पाठीमागे हे काय करून ठेवलंत?" आजोबा मान खाली घालायचे. मग कुणीतरी चहा आणायचं आणि सोंग संपायचं. पडद्याआडून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

हिझकियो अकांचा मुलगा अमनून शाळेत भूमिती शिकवायचा. पक्षाचं कार्ड त्याच्याकडेही होतं. त्याला मुलगा झाला तेव्हा मला गोधड्यांत गुंडाळून हातगाडीवरून त्याच्या घरी नेलं. सुंता पार पडली. दुसऱ्या दिवशी अमनून समरकंदहून परतला आणि ठरल्याप्रमाणे अंगणात उभा राहिला. मी खिडकीपाशी होते, मला सगळं दिसत होतं.

"कुणाला विचारून केलंत हे?"

"आजोबा आहे मी त्याचा," हिझकियो अका ठरलेलं बोलले.

इथे चहा यायचा. पण त्याच अंगणाभोवतीच्या एका घरात शिक्षण खात्यातला एक साहेब राहायचा. तो नेमका हातात सिगारेट घेऊन ओट्यावर आला आणि खांबाला टेकून बघत राहिला. अमनूनचा चेहरा उतरला. एवढ्यावर भागणार नाही, हे त्याला कळलं.

"त्याचे आजोबा असाल, पण माझे बाप नाही," तो ओरडला. "आजपासून नाही. तुमच्या अडाणीपणाची लाज वाटते मला. चारचौघांत तुमचे हे निळे हात दिसले तरी लाज वाटते."

साहेब सिगारेट विझवून आत गेला. पडद्याआडून एक बाई म्हणाली, "काय सोंग वठवलं पोराने."

हिझकियो अका आपल्या हातांकडे बघत होते.

मित्रांनो, त्या संध्याकाळी अमनून येईल म्हणून त्यांनी चहा दोनदा गरम केला. एवढंच ऐकायचं होतं त्यांना, की हातांचं जे बोललो ते साहेबासाठी होतं. अमनून आला नाही. त्याचं म्हणणं, सोंग होतं हे बाबांना ठाऊकच आहे. आता माफी मागितली तर ते खरं होतं असं होईल. दुसऱ्या दिवशी आजोबा नातवाला बघायला गेले नाहीत. मग अमनूनलाही लागलं. नोकरी वाचवायला चार शब्द बोललो आणि हे रुसून बसले, असं तो म्हणू लागला. रस्त्यात भेटले तरी न बोलता पुढे जायचं, सणावारी मान हलवायची, असं सुरू झालं. तान्हा नातू बघता बघता मिशा फुटलेला बाप्या झाला, तरी ते तसंच राहिलं.

मला हे सगळं कळायचं ते अमनूनच्या बायकोकडून. फ्रेहो दर शुक्रवारी सासऱ्यांसाठी लसूण लावलेले तळलेले मासे घेऊन यायची आणि माझ्या शेजारी बसून बोलायची.

"बाबा, तुम्ही दोघं मिळून एक गाढव आहात. पुढचे पाय त्याचे, मागचे तुमचे. म्हणून जागचं हलत नाही."

"एलिया येईल तेव्हा बघेल," हिझकियो अका माशाचे काटे काढत म्हणायचे. "बापलेकांची मनं वळवणं हे त्याचं काम आहे. सांगून ठेवलंय तसं."

"त्याच्याकडे एवढ्या जगाची कामं. आमचं घर दोन गल्ल्यांवर आहे, तुम्हीच या की."

"काटे फार आहेत आज."

"काटे माशात नाहीत बाबा."

पुढे प्रार्थनाघर उघडलं आणि मी माझ्या जागी परत आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत सरहद्दी उघडल्या आणि मोहल्ला हलू लागला. लोक घरं विकून, गोधड्या वाटून, इस्राएलला निघाले. तळ्याकाठी ताश्कंदची बस उभी राहायची. एकदा त्याच बसमध्ये आमचे आंधळे धर्मगुरू मुल्ला शमूएल चढले, त्यांच्यामागे दिवस भरत आलेली बुलोर चढली, आणि हिझकियो अका रस्त्यातच रडू लागले. यिर्मयाने सांगितलेलं डोळ्यांसमोर घडत होतं. तो खरोखर तोच दिवस होता की नुसत्या सरहद्दी उघडल्या होत्या, हे मला खुर्चीला काय कळणार? पण त्यांना शंका नव्हती. ते दारोदार जाऊन लोकांना निघायला सांगू लागले.

पिन्हास न्हावी एका पायाने अधू होता. तो प्रार्थनाघरात येऊन कुरकुरला, "अका, या वयात कुठे जाऊ? तिथे माझ्या कात्रीला कोण विचारतंय?"

"पांगळेही येतील असं स्पष्ट सांगितलंय. तू राहिलास तर भाकितात एक पांगळा कमी पडेल."

"दुसरा बघा ना कुणीतरी."

"दुसरे दोघे मागच्याच महिन्यात गेले."

पिन्हासही गेला. स्वतः हिझकियो अका मात्र हलेनात. कुणी विचारलं की म्हणायचे, "माझ्या घरी एलिया आलेला नाही. आधी एलिया, मग काफिला. माझा क्रम अजून लागलेला नाही."

एक दिवस अमनूनची पाळी आली. बस तळ्याकाठी उभी होती. फ्रेहो, मुलगा, सून, बोचकी, सगळं बसमध्ये होतं. अमनून एकटा प्रार्थनाघरात आला. त्याचे केस पिकले होते. हिझकियो अका माझी गादी झटकत होते. तिच्यात झटकण्यासारखं काही नव्हतं.

"बस आलीय," अमनून म्हणाला.

"दिसली."

"फ्रेहोने मासे करून ठेवलेत घरी. झाकून ठेवलेत."

"मांजर खाईल."

"वर दगड ठेवलाय."

"मग ठीक."

अमनूनने माझ्या डाव्या हातावर हात ठेवला. उजव्या हातावर निळा हात होताच. दोघांच्या मधे एका तान्ह्या बाळापुरती जागा.

"ही खुर्ची घेऊन जा," हिझकियो अका म्हणाले.

"विमानात कुठे मावायची?"

"नाही मावणार."

"तुम्ही आलात तर..." अमनून थांबला. "तुम्ही आलात तर तिकडे नवी करून घेऊ."

"बघू."

मित्रांनो, तेवढ्यात भोंगा वाजला असता तर मी भोंग्याला दोष दिला असता. पण भोंगा वाजला नाही. फ्रेहोने ड्रायव्हरला दटावून गप्प बसवलं होतं, उन्हात बसलेली माणसं तक्रार करत नव्हती. बोलायला हवा तेवढा वेळ होता. आणि ते दोघे दाराकडे बघत उभे होते, जणू तिसरं कुणीतरी आत येऊन सुरुवात करून देणार होतं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. माझ्या पाठीवर नुसती डाळिंबं आहेत.

"सांभाळून जा," शेवटी बाप म्हणाला.

"तुम्हीपण सांभाळा," लेक म्हणाला आणि गेला.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या शेजारच्या कोनाड्यातला टेलिफोन वाजला. लाइन लांबची होती, फ्रेहो ओरडून बोलत होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, अमनून गेला."

"कुठे?" हिझकियो अकांनी विचारलं.

ती रडू लागली तेव्हा त्यांना कळलं. ते भिंतीला धरून खाली बसले. रिसीव्हर कानालाच होता.

"रोज म्हणायचे," फ्रेहो सांगत होती, "त्या दिवशी साहेबासमोर सोंग जरा जास्तच चांगलं वठलं माझ्याकडून. बाबांना कळलं असेल ना, सोंग होतं ते? मी म्हणायचे, फोन करून विचारा की. तर म्हणायचे, विचारलं आणि त्यांना कळलेलं नसलं तर?"

हिझकियो अकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "त्याला सांग, मला कळलं होतं."

पलीकडे फ्रेहो पुन्हा रडू लागली.

मेलेल्यासाठी आमच्यात एक प्रार्थना म्हणतात. ती म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात, त्याशिवाय ती म्हणता येत नाही. दुपारी हिझकियो अका दुखवट्याच्या रीतीप्रमाणे सदऱ्याचा गळा फाडून जमिनीवर बसले आणि मोहल्ल्यात उरलेले सगळे जमा झाले. युशुवो लोहाराने मोजलं. हिझकियो अका धरून सात.

"पिन्हासला बोलवा," हिझकियो अका म्हणाले.

"पिन्हासला तुम्हीच पाठवलंत अका."

"हो. मुल्ला शमूएल?"

"ते पण."

चहावाला करीम दारात चपला काढून उभा होता. तो मुसलमान, पण अमनूनच्या बरोबरीचा, तळ्यात एकत्र पोहलेला. "मी उभा राहू का अका?" त्याने विचारलं.

"उभा राहा करीम. तुला मोजता येणार नाही, पण तू उभा राहा."

मग हिझकियो अका उठले, त्यांनी मला कोपऱ्यातून ओढत आणलं आणि माणसांच्या रांगेत ठेवलं. "एलिया मेला नाही," ते म्हणाले, "जिवंतच स्वर्गात गेला. म्हणजे तो धरता येईल. धरा त्याला."

कुणी वर बघेना. युशुवो लोहार हळूच म्हणाला, "अका, धरला तरी आठच होतात."

प्रार्थना झाली नाही. ज्यांनी अख्खा काफिला बसमध्ये बसवून दिला, त्यांना आपल्या मुलासाठी दहा माणसं मिळाली नाहीत. सगळे तसेच बसून राहिले. करीमने चहा आणला, तो कुणी प्यायलं नाही. माणसं निघाल्यावर हिझकियो अकांनी मला पुन्हा कोपऱ्यात लावलं, गादी नीट केली आणि म्हणाले, "बस थांबली होती तेव्हाच आला होता एलिया. आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो."

आता तेही तळ्यापलीकडच्या कबरस्तानात आहेत. प्रार्थनाघराची किल्ली करीमकडे असते. परदेशी पाहुणे येतात, माझे फोटो काढतात, डाळिंबांवर बोट फिरवतात. माझ्या गादीला कसर लागली आहे. माझ्यावर शेवटचं बाळ कधी ठेवलं होतं, ते मला आठवत नाही.

अशा वेळी आम्ही जुन्या वस्तू तुमच्याकडे काही मागतो. धूळ पुसा म्हणतो, तेलपाणी करा म्हणतो, अडगळीत टाकू नका म्हणतो. मलाही ते आवडेल. पण मित्रांनो, माझी धूळ कुठे पळून जात नाही. ज्याच्याशी तुमचं बोलणं तुटलं आहे, तो जाईल. तेव्हा आधी त्याच्याकडे जा आणि काय बोलायचं ते स्वतःच्या तोंडाने बोला. संदेष्टे येतील तेव्हा येतील. त्यांची वाट बघायला मी बसले आहे. ते खुर्चीचं काम आहे, तुमचं नाही.