दोन चमचे मी, दोन चमचे पाणी

मी बाटली आहे. थांबा, लगेच नाक मुरडू नका! मी तसली बाटली नाही. मी औषधाची बाटली, द्राक्षासवाची. मेडिकलमध्ये खोकल्याच्या औषधाशेजारी राजरोस उभी राहणारी, पोटाच्या तक्रारीवरची सभ्य, घरंदाज बाटली. निदान त्या रविवारपर्यंत तरी मी स्वतःला तसंच समजत होते.

माझा जन्म मोठ्या पिंपात झाला. मनुका, गूळ, धायटीची फुलं, लवंग, दालचिनी, वेलदोडा असं सगळं एकत्र करून वरून झाकण घट्ट बसवलं आणि आम्हाला महिनाभर अंधारात ठेवलं. तेव्हा माझ्या पोटात सारखं गुडगुडायचं, बुडबुडे यायचे, अंगात एक ऊब असायची. मला वाटायचं, औषध होताना असंच वाटत असेल. मला कुणी काही सांगितलंच नाही हो!

मग मी काचेत भरले गेले, पोटावर कागद चिकटला आणि फिरत फिरत वर्ध्याला आले. तिथून लक्ष्मणरावांनी मला आंजीला नेलं. मोठी आंजी हे त्यांचं गाव. लक्ष्मणराव म्हणजे अबोल शेतकरी माणूस, कपाशीत रमणारा. मला घेताना त्यांनी दुकानदाराला नाव सांगितलं नाही, नुसतं "आमच्या घरचं" म्हणाले, आणि दुकानदाराने मला काढून दिलं.

घरचं म्हणजे विमलाबाईंचं. या त्यांच्या पत्नी. स्वयंपाकघरातल्या फळीवर, देवाच्या तेलाशेजारी माझी जागा. रोज दोन्ही जेवणांनंतर दोन चमचे मी, दोन चमचे पाणी. विमलाबाई डोळे मिटायच्या, घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हं! आता बरं वाटलं." मला किती धन्य वाटायचं म्हणून सांगू!

घराची हकिकत मला माळ्यावरच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आधीच्या बाटलीनं सांगितली. ती रिकामी झाल्यावर बिचारीत फिनाईल भरलं होतं, पण कान तिखट होते. विमलाबाईंचा धाकटा भाऊ किसन. मोहाच्या दारूनं गेला. तो गेला तेव्हा त्याचं डोकं यांच्या मांडीवर होतं. त्यानंतर या बाईनं गावातल्या बाया गोळा केल्या आणि नाल्याकाठची दारू गाळायची मडकी एकेक करून फोडली. जिल्ह्यात दारूबंदी आहेच, पण विमलाबाईंच्या घरात त्या शब्दालाही बंदी होती.

आणि त्यांचाच मुलगा रोशन नागपुरात वाईनच्या कंपनीत नोकरीला!

ऐकलं तेव्हा मी बुचापर्यंत हादरले. रोशन शिकला होता अन्नप्रक्रियेचं. त्याचं काम म्हणजे कमी किमतीच्या वाईन चाखायच्या आणि कोणती पैसे वसूल करून देते, कोणती नुसती दिखाऊ, हे दुकानांना सांगायचं. तो घरी "खाण्यापिण्याच्या कंपनीत आहो" एवढंच म्हणायचा. गावातल्या कुणीतरी त्याला कामावर पाहिलं, आणि झालं! तेव्हापासून आईनं अबोला धरला. तो आला की त्याचं ताट ओसरीवर. "त्याले म्हना, जेवून घे," असं त्या नवऱ्याला सांगायच्या, आणि रोशन दोन हातांवर बसलेला असायचा. मला तेव्हा विमलाबाईंचंच पटायचं. दारू चाखणारा पोरगा, शी!

आता त्या रविवारचं सांगते. आर्वीहून पाहुणे यायचे होते. महादेवराव, त्यांच्या पत्नी छायाबाई आणि त्यांची मुलगी जागृती, शाळेत शिक्षिका. रोशनची आणि तिची ओळख आधीची, मनं जुळलेली. फक्त मोठ्यांनी सुपारी फोडायची बाकी होती.

सकाळपासून विमलाबाईंचा एकच हेका. "त्याले म्हना, बिस्किटाच्या कंपनीत आहो म्हनून सांगजो. नाईतर मी पाहुन्यायच्या पुढं येत नाई."

"मी खोटं नाई सांगणार, बाबा," रोशन ओसरीवरून म्हणाला. "जागृतीले माहीत हाय. तिच्या बाबाले आज मीच सांगतो."

"मंग मोडली सोयरीक!" विमलाबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या. लक्ष्मणराव मधल्या दारात उभे होते, कुणाकडे बघावं ते त्यांना कळेना.

जेवणं झाली. विमलाबाईंनी मला खाली काढलं, चमच्यात ओतलं, आणि तेवढ्यात त्यांचा बांध फुटला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या थेट मुलाशी बोलल्या.

"दारू पेऊन पगार घेतं, अन् त्याले काम म्हनतं! मामाले कसा नेला ते तुले माहीत नाई काय रे?"

"पेत नाई आई. चाखतो. तोंडात फिरवतो अन् थुंकतो."

"बाप्पा! थुंकाचा पगार देते काय कोनी?"

"देते ना. लोकायचे पैसे फुकट जाऊ नाई म्हनून देते."

"मंग दाखव! माह्या डोळ्यापुढं दाखव." मग एकदम घाबरून, "आनली तं नाई ना घरात?"

"कशी आनीन इथं?" रोशननं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर आली. "तेच दे इकडं."

पहिल्यांदाच तो ओसरी ओलांडून आत आला. त्यानं काचेच्या पेल्यात मला थोडं ओतलं, बिनपाण्याचं. पेला तिरपा करून बापाच्या पांढऱ्या सदऱ्यासमोर धरला. मग नाक आत घातलं. इतक्या जवळून माझा वास आजवर कुणी घेतला नव्हता, मी तर लाजलेच. मग त्यानं घोट घेतला, तोंडात सुर्र करून हवा ओढली, गालांत इकडून तिकडे फिरवलं, आणि मोरीत थुंकला.

थुंकला! मला! अहो, मी घराघरात मान असलेलं औषध, माझा असा अपमान कधी झाला नव्हता.

पण रोशनचे डोळे चमकत होते. "मनुका चांगला घातला हाय. लवंग जरा जास्त झाली. गोडी गुळाची, अन् शेवटी हे तुरट येते ते धायटीच्या फुलाचं. बाबा, कितीले आनली?"

"एकशे साठले," लक्ष्मणराव म्हणाले.

"पैसे वसूल! सातशे रुपयाच्या काही बाटल्या याच्यापुढं फिक्या हायेत. रंग हाय, वास हाय, चव तोंडात टिकते. अन् अल्कोहोलबी असन आठ-नऊ टक्के."

तो हे कौतुकानं बोलून गेला.

"काय असन?" विमलाबाई म्हणाल्या.

रोशनच्या लक्षात आलं, पण आता उशीर झाला होता. "आई, आसव हाय ते. द्राक्षं, गूळ आंबवले का आपोआपच होते. वाईनबी अशीच होते."

माझ्या पोटावर काहीबाही छापलंय हे मला माहीत होतं, पण मला माझंच पोट कसं वाचता येणार? लक्ष्मणरावांनी चष्मा चढवला, मला उजेडात धरलं, आणि घसा खाकरून म्हणाले, "हाव. लिहून हाय."

"माय व माय!" विमलाबाई पाटावर धपकन बसल्या. "म्हंजे मी... इतके वर्ष... दोन्ही टाइम?"

त्यांना बसला त्याहून मोठा धक्का मला बसला होता. ते बुडबुडे! ती अंगातली ऊब! अरे देवा, म्हणजे ज्यांच्या नावानं मी इतके दिवस नाक मुरडत होते, त्या माझ्या सख्ख्या चुलत बहिणी निघाल्या. देवाच्या तेलाकडे बघायची मला सोय राहिली नाही.

विमलाबाई उठल्या. त्यांनी मला गळ्याला धरलं, मोरीपाशी नेलं आणि तिरपं केलं. एक थेंब पडलाही. मी म्हटलं, संपलं आपलं.

"सांडू नको आई," रोशन म्हणाला. "तुह्या पोटाले लागते ते. तू दोन चमचे घेतं. तिसरा घेतला काय कधी?"

"नाई."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? दोनच लागतात."

"मलेबी चाखण्यापुरतीच लागते, आई. मामाले ते समजलंच नाई."

त्यांनी मला सरळ केलं. "किसन असा थांबला असता तं जगला असता रे," त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या. रोशन जवळ गेला. त्यांनी त्याला दूर केलं नाही. रडता रडताच माझं झाकण लावलं.

तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली. पाहुणे आले होते.

पोहे झाले, चहा आला. महादेवराव बोलके गृहस्थ, दिलखुलास हसणारे. कपात फुंकर मारत त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "मुलगा नेमकं काय काम करते म्हना?"

रोशननं तोंड उघडलं. जागृतीनं मान खाली घातली. आणि आतल्या दारातून विमलाबाई बाहेर आल्या, हातात मी!

"तू थांब. मी सांगते. भाऊ, स्वस्तातली वाईन चाखते हा. कोनती पैशाची, कोनती फुकटची, ते सांगते."

महादेवरावांचा कप ओठांशीच थांबला. छायाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "वाईन? तुमच्या घरी? तुमी तं..."

"हाव, मडकी फोडनारी मीच. पन ऐका. हा चाखते अन् थुंकते, मी डोळ्यानं पाह्यलं. पेते मी! रोज दोन खेपा, अन् थुंकतबी नाई!" असं म्हणून त्यांनी मला महादेवरावांच्या पुढे ठेवलं. "वाचा पोटावरचं."

महादेवरावांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूच छायाबाईंना म्हणाले, "अवं, हे तं तू मले रोज देतं ना?"

छायाबाईंनी पदर तोंडाला लावला. सगळ्यांत आधी जागृती हसली, मग लक्ष्मणराव, आणि मग महादेवरावांचं ते गडगडाटी हसू, फळीवरचे डबे वाजले. सुपारी त्याच दिवशी फुटली.

आता माझा शेवट जवळ आलाय. तळाशी दोनच चमचे उरलेत. एक विनंती आहे, मला रिकामं केल्यावर फिनाईल भरू नका. तिळाचं तेल चालेल. आणि कुणाचं ताट ओसरीवर मांडण्याआधी आपल्या फळीवरच्या बाटल्यांची पोटं एकदा वाचून बघा.

आज रोशन आलाय. त्याचं ताट आत मांडलं होतं, बापाशेजारी. जेवण झाल्यावर विमलाबाईंनी मला काढलं, शेवटचे दोन चमचे वाटीत ओतले, पाणी घातलं, आणि वाटी स्वतःच्या ओठांशी न नेता त्याच्यापुढे धरली.

"घे. पाह्य, पैसे वसूल हाय काय ते."

रोशननं वाटी तोंडाला लावली. मी मोरीकडे बघत जीव मुठीत धरून होते. पण या खेपेला तो थुंकला नाही.

"हाव आई," तो म्हणाला, "वसूल हाय."