काचपट्ट्या

आमच्या वसाहतीच्या चार इमारती चाळीस वर्षांपूर्वी सरकारने बांधल्या, तेव्हा काँक्रीटमध्ये खाडीची रेती न धुता वापरली. तिच्यातल्या मिठाने आतली लोखंडी सळी गंजली. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून स्लॅब फुगतो, तडकतो आणि शेवटी खाली येतो. एवढंच मी आमदारांना तीन अर्जांत लिहिलं होतं. इमारती पाडून नव्या बांधाव्यात, ही मागणी. खाली एकशे बारा सह्या.

पुरावा म्हणून मी तडांवर काचपट्ट्या चिकटवल्या होत्या. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्तीच्या वेळी आणलेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या. तड रुंदावली की काच तुटते. प्रत्येकीवर तारीख होती. सतरा महिन्यांत चौदांपैकी अकरा तुटल्या. सर्वांत वाईट तड तळमजल्यावर तुळसाच्या खोलीच्या छतात, थेट तिच्या नवऱ्याच्या, लवूच्या खाटेच्या वर. लवू पक्षाघाताने तीन वर्षं त्याच खाटेवर आहे. खोलीत खाट दुसरीकडे मावत नाही.

तिसऱ्या अर्जानंतर आमदारांची एक समिती पाहणीला येणार, असं पत्र आलं. ते मी सर्वांना वाचून दाखवलं. काय करायचं नाही, ते मात्र सांगितलं नाही. ते सांगावं लागेल, असं मला वाटलं नव्हतं.

समितीच्या दिवशी सकाळी मी तुळसाच्या दारात पोचले आणि थांबले. चुन्याचा वास येत होता. गणेशचतुर्थीच्या रंगकामातून उरलेला चुना तिने छतापर्यंत लावला होता. तडा पुट्टीने बुजवलेल्या होत्या. जिन्यातही तेच. सगळी वसाहत दोन दिवस रंग देत होती आणि मी वर माझ्या खोलीत तडांच्या नोंदींचे तक्ते सुवाच्य करत बसले होते.

“तुळसा, काचपट्ट्या खंय?”

“त्यो फुटक्यो? काढून टाकलंय, बाई. आमदार येतले घराक. पावण्यांक असा घाण घर दाखवचा?” मग माझ्या तोंडाकडे बघून ती हळूच म्हणाली, “कित्याक? काय झाला?”

मी सांगेपर्यंत गाड्या आल्या.

समितीचे चौघे आत आले. लवूला फार दिवसांनी इतकी माणसं दिसली. “येवा सायबानू! भिंती बघा, कश्यो नवरीवरी नटल्योत!” सगळे हसले. तुळसाने सोलकढीचे पेले पुढे केले.

मी नोंदींची वही दिली. अध्यक्षांनी दोन पानं उलटली. “बाई, आकडे तुमचे ठीक आहेत. पण दिसायला तर काहीच नाही. रंग ताजा आहे.”

“वरचा थर पोकळ झालाय, साहेब. ठोकलं की कळेल.”

कोपऱ्यातली झाडू मी उलटी धरली. एक ठोका पुरे होता. पण त्या जागी निदान पाच किलोचा पापुद्रा आतून सुटलेला होता, ठोक्यासरशी खाली आला असता, आणि त्याच्या खाली लवू हसऱ्या तोंडाने वर बघत होता.

“आधी याला उचलायला हवं,” मी म्हटलं. “दोघे तरी लागतील.”

“नको हो, आजारी माणसाला कशाला त्रास!” अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “आणखी दोन गावं करायची आहेत.”

मी झाडू खाली ठेवली. पेले रिकामे करून, लवूला नमस्कार करून ते गेले.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. ‘इमारतींची देखभाल रहिवाशांनी उत्तम ठेवल्याचे आढळले. पुनर्विकासाची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ ते मी तुळसाला वाचून दाखवलं.

“बाई, माझाच चुकला मा?”

नाही म्हणणं सोपं होतं. “सांगायला मी हवं होतं,” मी म्हटलं. तेही खरं होतं, पण त्याचा आता उपयोग नव्हता.

चुन्यातून तड पुन्हा केसाएवढी वर आली होती. तुळसाने स्टूल धरलं. मी चढून नवी काचपट्टी चिकटवली आणि तारीख घातली. खाट आम्ही दोघींनी भिंतीला लागेपर्यंत ओढली. वीतभर सरकली.

“आता कोण येतलो?” लवूने खालून विचारलं.

“कोण नाय,” तुळसा म्हणाली. “तू नीज.”