सरळ केलेला ताल

नऊ वर्षं नाचाच्या वर्गात कीबोर्ड वाजवणाऱ्या थोरल्या जावेला बाईंनी परवा सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून वर्ग दोन ठिकाणी भरणार. तुम्ही एका वेळी दोन्हीकडे कशा बसणार? चाल रेकॉर्ड करून द्या. तुमच्या धाकट्या जावेलाही सांगितलंय. जिची पसंत पडेल, तिच्याकडे वर्षभर चाली रेकॉर्ड करायचं काम."

झालं! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटीच्या हाती कीबोर्ड येऊन जेमतेम सहा महिने झाले होते, आणि हिच्या नऊ वर्षांशी तिची बरोबरी!

पण रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर धाकटी वापरत होती, थोरलीने कधी वापरलं नव्हतं. थोरलीने मुलाचा जुना लॅपटॉप उघडला. एक सॉफ्टवेअर दर महिन्याला भाडं मागणारं, एक एकदाच पैसे भरायचं, आणि एक कीबोर्डच्या खोक्यातूनच फुकट आलेलं. यातलं कुठलं घ्यावं ते कळेना. शेवटी मन मारून ती धाकटीकडे शेजारच्या खोलीत गेली.

"काय गं, कशात करतेस तू ते रेकॉर्डिंग?" सहज विचारल्यासारखं तिने विचारलं.

"फुकटवाल्यात. तुम्हीही तेच घ्या, ताई. आपल्याला एका पियानोचाच तर आवाज हवा. उगीच पैसे कशाला घालवता?"

थोरली हसली आणि बाहेर आली. म्हणे फुकटवाल्यात! स्वतः भारीतलं वापरत असणार आणि मला फुकटाच्या वाटेला लावते. इतकी भोळी नाही म्हटलं मी. तिने एकदाच पैसे भरायचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'तुमच्या चुका आपोआप सुधारतं.'

कीबोर्ड वायरने जोडून तिने चाल वाजवली. वाजवलेला एकेक सूर पडद्यावर मात्रांच्या उभ्या रेघांमध्ये हिरव्या पट्टीसारखा उमटला, आणि तिच्या काळजात धस्स झालं. मुली नाचताना उडी मारतात त्या जागी प्रत्येक वेळी पट्टी रेघेच्या पुढे सरकलेली. दर चौथी मात्रा उशिरा! नऊ वर्षं आपण वाकडं वाजवत आलो? धाकटीच्या पट्ट्या नक्की रेघेवर बसत असतील, या विचाराने तर ती आणखीच खट्टू झाली. बाजूलाच बटण होतं, 'ताल सरळ करा'. तिने दाबलं. सगळ्या पट्ट्या शिस्तीत रेघेवर आल्या आणि थोरलीचा जीव भांड्यात पडला.

दोघींच्या फायली धाकटीने एकाच पेनड्राइव्हमध्ये घातल्या. नावं टाकायचं दोघींनाही सुचलं नाही.

वर्गात बाईंनी आठ चिमुरड्यांना रांगेत उभं केलं आणि पहिली चाल लावली. सूर खणखणीत. आपली चाल ओळखून थोरलीने मान ताठ करून धाकटीकडे पाहिलं. उडी आली. मुलींचे पाय अजून हवेत होते आणि चाल पुढे निघूनही गेली. दोन मुली एकमेकींवर आदळल्या, एक मटकन खाली बसली. बाईंनी ती बंद करून दुसरी लावली. ही उडीपाशी किंचित थांबली. आठही जणींचे पाय एकदम जमिनीवर टेकले.

"ही तुमची!" बाई थोरलीला म्हणाल्या. "पोरींचे पाय टेकेपर्यंत थांबणारा हात मला ओळखू येणार नाही होय? काम तुमचं." मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "तुझी फार घाईची गं. ताईंकडून शीक जरा."

आता ही तोंड उघडणार आणि आपली शोभा करणार, थोरलीला वाटलं.

"हो बाई, घाईच झाली माझी," धाकटी म्हणाली.

जिना उतरेपर्यंत थोरलीने कसाबसा दम धरला. "खरं का नाही सांगितलंस?"

"त्यात खोटं काय होतं, ताई? सहा महिने भिंतीपलीकडून तुमचंच ऐकत शिकले. तुम्ही थांबता तिथे थांबले, बस. चाल तुमचीच आहे. आणि वर्गही तुमचाच."

हे ऐकून कुणाचंही मन भरून आलं असतं. थोरलीच्या पोटात मात्र नव्याने दुखायला लागलं. माझ्या हाताची लकब उचललीस, काम माझ्या पदरात टाकलंस आणि वर मोठेपणाही तूच घेणार? वर्षभर त्या वर्गासाठी मी तुझे उपकार वाजवत राहू? काम गेलं तरी चालेल, पण हे तिला सोसणार नव्हतं.

ती तशीच मागे फिरली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. बाई दाराला कुलूप लावत होत्या.

"बाई, थांबा," धापा टाकत ती म्हणाली. "ती घाईची चाल माझी आहे."