निळा सिलिंडर

उझबेकिस्तानातल्या आमच्या कोकंदमध्ये पोराला उस्तादाच्या हाती सोपवताना बाप म्हणतो, "मांस तुमचं, हाडं आमची." म्हणजे हवं तेवढं झोडा, फक्त जिवंत ठेवा. माझा बापही तेच म्हणाला. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो, मॉस्कोत आठ हिवाळे विटा वाहून परतलेला, दोन पोरींचा बाप. तुर्सुनबॉय उस्ताद एसीचं आणि घरं गरम करण्याचं काम शिकवायचा, वर आठवड्याला मजुरीही द्यायचा. बाकीचे फुकट राबवतात. हा मजुरी देऊन मारण्याचा हक्क विकत घ्यायचा.

दोन वर्षांत त्यानं मला पान्यानं, तांब्याच्या नळीनं, हाताला येईल त्यानं झोडपलं. मी निमूट सोसलं, कारण मला फातिहा हवी होती. उस्ताद तळहात पसरून दुआ देतो, हजर असलेली माणसं तळहात पसरून साक्षी होतात, आणि शागीर्द उस्ताद होतो. ती मिळाली नाही तर आमच्या गावात कुत्रंही कामाला बोलावत नाही.

त्या दिवशी लग्नाच्या हॉलचं काम होतं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, संध्याकाळी पाचशे पाहुणे. नळ्या जोडून झाल्या होत्या. आता आत नायट्रोजन दाबानं भरायचा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती शोधायची. नोसिर-अका फेसाची वाटी घेऊन अंगणातल्या कॉम्प्रेसरपाशी उकिडवा बसला होता. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून 'अका', म्हणजे दादा; पण माझ्यासारखाच शागीर्द. मार खाऊन मी कुढत बसलो की स्वतःची भाकरी माझ्यापुढे सरकवणारा.

नायट्रोजनचा काळा सिलिंडर रिकामा निघाला.

"निळा लाव," उस्ताद म्हणाला.

निळ्यात ऑक्सिजन असतो, नळ्यांच्या सांध्यांना डाग देण्यासाठी आणलेला. "उस्ताद, कॉम्प्रेसरमध्ये तेल आहे. ऑक्सिजन लागला तर फुटेल."

हॉलमालक हाजी आणि अंगणात पुलावाच्या कढयांपाशी उभे असलेले आचारी ऐकत होते. उस्तादाची थप्पड कानावर बसली. "मॉस्कोचा साहेब मला शिकवतो? वीस वर्षांत फुटला नाही तो आज फुटणार?"

"मी नाही उघडणार."

मग त्यानं रबरी नळी घेतली. पाठीवर, मानेवर, तोंडावर. ओठ फाटला, दात हलला. नोसिर-अका ओरडला, "उस्ताद, पुरे! मरेल तो!" त्यालाही एक बसली. मी सिलिंडरला पाठ लावून उभा राहिलो. माझ्या जन्मात मी एवढा ताठ कधी उभा राहिलो नव्हतो.

उस्ताद धापा टाकत थांबला. मग हसला. नळी फेकली आणि मोठ्यानं म्हणाला, "हाजी, या इकडे. तुम्हीही या रे. एल्योरला फातिहा देतोय."

सगळ्यांनी तळहात पसरले. त्यानं दुआ म्हटली, हात तोंडावरून फिरवले, स्वतःचा पाना माझ्या हातात ठेवला. "आजपासून तू उस्ताद. आता उघडा, उस्ताद."

त्यानं मला "उघडा" म्हटलं. मला, ज्याला दोन वर्षं तो गाढव म्हणत होता. डोळ्यांत पाणी आलं, लाज वाटते सांगताना. वाटलं, वीस वर्षांत खरंच फुटला नसेल. मी झडप फिरवली.

कॉम्प्रेसरचं लोखंडी भांडं फाटलं. माझ्या दोन्ही कानांत शिट्टी वाजत राहिली. धूर विरला तेव्हा नोसिर-अका भिंतीपाशी पडला होता आणि त्याला चेहरा नव्हता. एक आचारी पोट धरून किंचाळत होता.

पोलीस आले. उस्ताद शांतपणे म्हणाला, "काम याचं. हा स्वतः उस्ताद आहे, मी फातिहा दिली. विचारा." हाजीनं मान डोलावली. आचाऱ्यांनीही. कुणी खोटं बोलत नव्हतं.

मी पाना घेऊन त्याच्यावर धावलो. एक घाव त्याच्या खांद्यात रुतला, हाड मोडल्याचं हाताला कळलं, मग चौघांनी मला खाली दाबलं. तोंड मातीत असताना नोसिर-अकाची बायको मुकर्रम आली. नोसिर-अकावर कुणीतरी टाकलेली चादर तिनं उचलून पाहिलं. माझ्याजवळ येऊन बसली.

"एल्योर, फुटेल हे तुला ठाऊक होतं?"

नाही म्हटलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता.

"होतं."

ती मारेल असं वाटलं. मारावं असंच वाटत होतं. तिनं हात उचलला नाही.

"मग का उघडलंस रे?"

मी तोंडातली माती थुंकली.

"त्यानं मला उस्ताद म्हटलं म्हणून."