एकुलत्या वारसाचा पाळणा

मी पाळणा बोलतोय. तीनशे वर्षांचा म्हातारा आहे, तेव्हा जरा सबुरीनं ऐका. जन्म आयर्लंडचा आणि बोली मराठी कशी, असं विचाराल. अहो, चार महिने रोज या घरच्या रेवतीची अंगाई ऐकतोय. मी तर ओकचं लाकूड, इतक्या दिवसांत दगडसुद्धा शिकला असता.

किल्डेरमधल्या डार्डिस नावाच्या जमीनदाराच्या सुतारानं मला घडवलं. तुमच्याकडं असतो तसा टांगलेला नव्हे, जमिनीवर डुलणारा, डोक्याशी लाकडी छप्पर असलेला. एकामागोमाग तीन मुलगे माझ्यात झोपले आणि प्रत्येकाचं नाव सुतारानं माझ्या तळाशी कोरलं. गॅरेट, ल्यूक, थॉमस. तिघांतला थोरला गॅरेट फार रडका. त्याला मी सगळ्यांत जास्त झुलवलं.

डार्डिस कॅथलिक होते आणि त्या काळचा कायदा मोठा बेरकी. कॅथलिकाची जमीन त्याच्या सगळ्या मुलांत वाटली जायची. पण थोरल्यानं सरकारी, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ धरला, तर सगळी त्याची आणि बाप नुसता हयातीपुरता राखणदार! गॅरेटनं आईला शब्द दिला होता, की भावांच्या वाट्याला मी हात लावणार नाही. मग एका रविवारी तो एकटाच दुसऱ्या चर्चमध्ये गेला. दुपारी परतला तो मालक होऊन. बापानं जेवणाच्या टेबलाच्या टोकाची आपली खुर्ची त्याला सोडली.

भाऊ जहाजानं परदेशी गेले ते गेलेच. गॅरेट डब्लिनच्या पार्लमेंटात जाऊन बसला आणि सव्वीस वर्षं स्वातंत्र्यावर भाषणं ठोकली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! त्याला मुलगा झाला तेव्हा मला माळ्यावरून खाली आणलं आणि पहिलं काम काय केलं, तर पटाशीनं भावांची नावं खरवडून काढली. ज्याला मी रात्रंदिवस डुलवलं त्यानंच माझं पोट सोललं. तो राग अजून गेलेला नाही.

पुढं पिढ्या सरल्या, त्या घराचं हॉटेल झालं आणि सामान लिलावात निघालं. माझ्या गळ्यात चिठ्ठी होती, 'एकुलत्या वारसाचा पाळणा'. धडधडीत खोटं! पण पाळण्याला कोण विचारतो? जवळच्या नास गावात डॉक्टर असलेल्या शिरीषनं मला घेतलं. त्याला मुलगी झाली होती. "रेवती, हिस्टॉरिक पीस आहे बघ," तो बायकोला म्हणाला. मोठा मुलगा अद्वय मला एक धक्का देऊन म्हणाला, "इट्स ग्रँड."

बारशाला शिरीषची धाकटी बहीण मुक्ता डंडॉकहून आली. ती तिथं ऑफिसात कामाला. पुढच्या वर्षी सगळं आवरून पुण्याला परतायचं आणि बाबांच्या घरातल्या वरच्या दोन खोल्यांत राहायचं, एवढं एकच तिनं ठरवलं होतं. बाबांच्या तेराव्याला शिरीष म्हणाला होता, "त्या खोल्या तुझ्याच." तिनं काही लिहून घेतलं नव्हतं. भावाकडून कोण लिहून घेतं?

पाहुणे यायच्या आधी शिरीषनं माझ्या छपरावर कागद ठेवले.

"मुक्ता, एवढ्या सह्या कर. मंगळवारी डब्लिनला वकिलातीत जाऊन शिक्का मारून घेऊ."

"कसले रे दादा?"

"बाबांच्या घराचे. फॉर्मॅलिटी असते गं."

तिनं एका हातानं बाळाचं दुपटं सारखं केलं आणि दुसऱ्या हातानं चार सह्या केल्या. वाचलं नाही. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

कागद घेऊन तो बाहेर गेला आणि रेवती फुलांच्या माळा घेऊन आली. बिचारीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. "बरं झालं मुक्ताताई, तुम्ही वरच्या खोल्यांचा हट्ट सोडलात. अख्खं घर विकलं तरच घेणार म्हणून ते लोक अडून बसले होते."

मुक्तानं माझी कड घट्ट धरली. पण तेवढ्यात बायका जमल्या आणि आत्याला पुढं ढकललं. ती वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. रीतीप्रमाणं बायका तिच्या पाठीत धपाटे घालत होत्या. तरी ती वाकलेलीच. वर आली तेव्हा डोळे वाहत होते. "अगं, किती जोरात मारलंत तिला!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. शिरीषही हसला.

संध्याकाळी रेवतीनं मला उलटं करून जुन्या खरवडलेल्या जागेवर जाड पेननं लिहिलं, 'अलकनंदा. नाव ठेवलं मुक्ताआत्यानं.' इतक्या वर्षांनी त्या जखमेवर कुणी फुंकर घातली असं वाटलं.

मंगळवारी मुक्ता वकिलातीत गेलीच नाही आणि ती स्वतः हजर नसेल, तर सह्यांवर शिक्का बसत नाही. शिरीष तिथून तणतणत घरी आला आणि माझ्याजवळ उभा राहून फोन लावला.

"सही केलीस, मग आता काय झालं?"

"तुझ्यावर विश्वास ठेवून केली होती, दादा. मग त्या रात्री तुझ्या टेबलावरचे ते कागद वाचले."

"मग मला बहीण नाही, असं समजेन मी."

फोन ठेवून तो किचनमध्ये गेला आणि सुरी घेऊन आला. मला आडवं केलं आणि 'मुक्ताआत्यानं' तेवढं खरवडलं. अगदी त्याच जागी! रेवती म्हणाली, "अहो, असं काय करता?" पण हात धरायला पुढं झाली नाही. पुण्याच्या घराचं अजून काही ठरलेलं नाही. मुक्ता मात्र या दारात परत आली नाही.

अलकनंदा, तू आता कूस बदलायला लागलीस. महिन्याभरात मी तुला पुरणार नाही आणि मला पुन्हा लिलावात धाडतील, गळ्यात तीच चिठ्ठी बांधून. त्याचं दुःख नाही. दुःख याचं, की तुझी आत्या कोण, हे तुला कुणी सांगणार नाही. म्हणून झोपेतच ऐकून ठेव. बारशाला तुझ्या कानात दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. नाव सगळ्यांनी ऐकलं. धपाटे पडत होते तेव्हा आत्या आणखी काय म्हणाली, ते फक्त मी ऐकलंय.

"तुझा दादा कागद घेऊन आला, तर आधी वाच गं बयो."