कोपऱ्यातली विंडो

"हे बघ, परत काडेपेटी उघडली," तात्या म्हणाले.

मी वाकून बघितलं. फुलांच्या दराच्या लिंकवर तात्यांनी क्लिक केलं होतं आणि नवी विंडो उघडली होती ती स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, पोस्टकार्डापेक्षाही लहान. पंधरा दिवसांत मी तिसऱ्यांदा आलो होतो. भर मे महिन्यात भरदुपारी शालिमारहून मखमलाबादपर्यंत लूना हाणत यायचं, घामाघूम व्हायचं, तेही त्याच एका कामासाठी.

"तात्या, मागच्या वेळी मी तुमच्यासमोर करून दिलं होतं."

"दिलं होतंस की. चार दिवस चाललं." सहादू तात्या खाली चटईवर बसून गुलाबाच्या दांड्यांची पानं कात्रीनं उतरवत होते. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. मळ्यातले गडी म्हणायचे, म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं, कळलं तरी असतं. "तुला जमत नसंल तर मोकळं सांग. कॉलेज रोडला दुसरा एक हाय म्हणं."

झालं! हे ऐकलं आणि माझं डोकं तापलं.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी समाधान, गाव हरसूल. गावातून नाशकात येऊन कॉम्प्युटर दुरुस्ती शिकलेला आमच्या वाडीतला मी पहिला, आणि त्याचा मला माज होता. नुसतं काम करून गप्प निघून जाणं मला जमायचंच नाही. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून सगळं समजावून सांगायचं, मग ते कितीही जांभया देवोत. तात्यांना तर मी पहिल्याच खेपेला काय काय शिकवलं होतं. दादरच्या बाजारातले शेवंती-गुलाबाचे दर कुठे बघायचे, आणि ते पान हरवलं तर डावीकडे हिस्टरी उघडायची, कालचं परवाचं सगळं तिथे सापडतं. तात्या मान हलवत ऐकायचे. माझी आई म्हणायची, "समा, तुझं म्हंजे उचलली जीभ लावली टाळ्याला. एक दिस लय महागात पडंल." मी हसायचो.

"तात्या, माझं काम पक्कं आहे," मी म्हणालो. "नीट ऐका. या ब्राउझरची एक खोड असते. शेवटची विंडो तुम्ही ज्या आकाराची करून बंद कराल, तोच आकार तो लक्षात ठेवतो. पुढची विंडो तेवढीच उघडणार. म्हणून मी काय करतो? बाकी सगळ्या विंडो बंद करायच्या, एकच ठेवायची. तिच्या कडा धरून ओढत ओढत तिला पूर्ण स्क्रीनभर करायची. मग कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि बंद करायची. संपलं. आता ती मोठीच उघडणार, जन्मभर."

"मग लहान कशी होती?"

"आपोआप नाहीच होत! मशीनला काय पडलंय? कुणीतरी बसतं, कडा ओढून बारीक करतं, कोपऱ्यात सरकवतं आणि तशीच बंद करतं. घरातलंच कुणीतरी. दोष माझा नाही, तात्या."

कात्रीचा आवाज थांबला.

त्याच वेळी तात्यांची धाकटी मुलगी, वैष्णवी, चहा घेऊन दारात उभी होती. बारावी होऊन वर्ष झालेलं. मी आलो की पाणी द्यायची, चहा द्यायची, आत जायची, यापलीकडे मी तिला बघितलेलं नव्हतं. आज कप बशीत डगडगला आणि निम्मा चहा बशीत सांडला. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. 

"घरातलंच कुणीतरी," तात्या हळूच म्हणाले. त्यांनी वैष्णवीकडे बघितलंसुद्धा नाही. "दुपारी मंडईतनं घरी फोन केला की दोन ते अडीच बिझी लागतो. मी म्हणलं, लाइनच खराब हाय." तेव्हा इंटरनेट फोनच्याच लाइनीवर चालायचं. त्यांनी एक दांडी उचलली, न्याहाळली, खाली ठेवली. "समाधान, यात कुणी काय बघितलं, ते निघतं का रे?"

"नाही," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. "नाही निघत, तात्या."

त्यांनी मान हलवली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. दुपारची फुलं न्यायला गाडी आली होती. तात्या गुडघ्यावर हात ठेवून उठले, आत बायकोला, कुसाबाईंना, म्हणाले, "चल गं, गठ्ठे मोजून दे," आणि दोघं अंगणात गेली.

वैष्णवीनं चहा टेबलावर ठेवला. बाहेर बघत, ओठ जेमतेम हलवत बोलायला लागली.

"दादा, तुम्ही कशाला सांगितलंत ओ?"

"मला काय माहीत? काय आहे काय असं त्यात?"

"मेल. आमच्या शाळेच्या कलाबाई मॅडम पुण्यात असतात आता. त्यांनी माझा नर्सिंगचा फॉर्म भरलाय, एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. घरी पत्र आलं तर पोस्टमन तात्यांच्याच हातात देतो, म्हणून सगळं मेलवर. तेवीसला मुलाखत आहे, दुपारी एक वाजता." तिनं मानेनंच दार दाखवलं. "हे टेबल दारासमोर ठेवलंय. येणाऱ्याला आधी स्क्रीनच दिसतो. म्हणून मी बारीक करून बसते. माझ्या खांद्याआड जाते तेवढी."

मी त्या कोपऱ्याकडे बघितलं. खरंच, खुर्चीत बसलं की तेवढाच तुकडा दारातून झाकला जात असणार. दोन खेपा मी तिचा आडोसा ओढून ओढून मोठा करत होतो आणि वर त्याची शेखी मिरवत होतो.

"घरी सांगून बघ ना," मी म्हणालो.

"सांगितलं होतं मागच्या वर्षी. तात्या काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझी पुस्तकं रद्दीवाल्याला देऊन आले. आता चांदवडचं स्थळ आलंय." अंगणात गठ्ठ्यांची मोजणी चालू होती, बत्तीस, तेहेतीस. "परवापर्यंत फक्त, दादा. मॅडम स्वतः येणार आहेत परवा पहाटे, स्टँडवर. आज दुपारी त्या बसची वेळ कळवणार होत्या. तेवढं कळू नये घरात."

मला काय सुचावं? मी मोठा शहाणा. माऊस धरला, हिस्टरी उघडली. मेलच्या साइटचं नाव सोमवार, मंगळवार, बुधवार असं ओळीनं लागलेलं. मी एक बटण दाबलं आणि सगळं पुसून टाकलं. तात्पुरत्या फायली पुसल्या, जे पुसता येईल ते पुसलं.

"झालं. आता देवाच्या बापालाही कळणार नाही," मी म्हणालो. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. आणि मला, काय सांगू, फार बरं वाटलं.

तात्या आले. हातपाय धुतले, पंच्याला पुसले, चष्मा लावला आणि खुर्चीत बसले. एक बोट लांब करून माऊस सरकवत सरकवत त्यांनी डावीकडची हिस्टरी उघडली. मी शिकवलं होतं तशीच.

तिथे काहीच नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी याच खुर्चीमागे उभा राहून मी त्यांना सांगितलं होतं, कालचं परवाचं सगळं इथे सापडतं, तात्या. मी विसरलो होतो. ते विसरले नव्हते. मघाशी त्यांनी विचारलं, ते माहीत नव्हतं म्हणून नाही, मला पारखायला.

"माझे भाव बी गेले की रे," तात्या म्हणाले.

"ते... मशीन जड झालं होतं, तात्या. साफ करावं लागतं."

"काय होतं यात?"

"काही नव्हतं."

"काय नव्हतं, तर पुसलं कशाला?"

वैष्णवी म्हणाली, "तात्या, मी सांगते..."

"तुला नाय इचारलं, बाय. मी याला इचारतोय." आवाज तसाच, मऊ. थोडा वेळ वाट बघून ते उठले, टेबलाच्या मागे वाकले आणि मोडेमची वायर भिंतीतून काढली. हार ओवायचा दोरा गुंडाळतात तशी ती त्यांनी पंजाभोवती सावकाश गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"चहा घे, समाधान. गार झाला."

मी तो गार चहा घेतला. बशीतला सांडलेलासुद्धा. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

तेवीस तारखेला माझं कामात लक्ष लागेना. पहाटे स्टँडवर जावं असं दहादा वाटलं होतं. पण मी जाऊन करणार काय होतो? मी तिचा कोण? कुणी बघितलं असतं तर तिच्या नावाला बट्टा लागला असता, अशी मी माझी समजूत घातली. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. अकरा वाजता शेवटी पीसीओवरून तात्यांच्या घरी फोन लावला.

"तात्या, मशीन नीट चाललंय ना?"

"एकदम झ्याक," तात्या म्हणाले. "कुणी बसतच नाय त्यावर." मग जरा थांबून म्हणाले, "वैष्णवी गेलीय चांदवडला, तिच्या मावशीकडं. परवाच पोचवून आलो. पाहुण्यांना पोरगी पसंत पडली. तू ये हं लग्नाला."

मी गेलो. जावं लागलं, कारण लग्नाच्या आधी तात्यांनी मलाच बोलावून कॉम्प्युटर फॉरमॅट करून घेतला. "पार कोरा कर," म्हणाले. का, ते मांडवात कळलं. रुखवताच्या टेबलावर करंज्या, अनारसे, मण्यांचं तोरण, आणि मधोमध क्रोशाचं कव्हर घातलेला तो कॉम्प्युटर. बायका हात लावून बघत होत्या. "पोरीला कॉम्प्युटर दिला बाई सहादूनं!" कुसाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. वैष्णवी मुंडावळ्या बांधून बसली होती. माझ्याकडे तिची नजर गेली आणि पुढे सरकली, खांबावरून सरकावी तशी.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला काही समजावून सांगायचं सोडलं. काम करायचं, झालं म्हणायचं, लूनाला किक मारायची. आई म्हणाली, "समा, तुला कुणाची नजर लागली का रे?"

चार वर्षांनी, दोन हजार सातच्या सुमारास, चांदवडहून फोन आला. कांद्याचे अडते, राजाभाऊ.

"सासऱ्यांनी तुमचा नंबर दिला," ते म्हणाले. "म्हणाले, हा माणूस नुसतं दुरुस्त करत नाय, कुणामुळं बिघडलं ते पण सांगतो."

नाही म्हणता आलं असतं. पण मी नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी जाईल, आणि तो सांगेल, हे माझ्या लक्षात आलं. मी पहिली एसटी पकडली.

घराच्या पुढच्या खोलीत गादी, वजनकाटा, कांद्याच्या नमुन्याच्या पाट्या. भिंतीला टेबल, दाराकडे तोंड करून. त्यावर तेच मशीन, तेच कव्हर, आता पिवळं पडलेलं. राजाभाऊ शेजारी येऊन बसले. माणूस हसरा होता, पण बोलताना डोळे आतल्या दाराकडे जात होते.

"लासलगावच्या कांद्याच्या दराची लिंक दाबली की बघा, हे एवढंसं. रोज मोठं करतो, परत तेच. कुणी हात लावतं का याला, एवढं फक्त सांगा."

त्यांनी लिंकवर क्लिक केलं. विंडो उघडली. उजव्या खालच्या कोपऱ्यात, पोस्टकार्डापेक्षा लहान.

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

मी बराच वेळ उगाच माऊस फिरवला, सीपीयूचं झाकण काढलं, धूळ झटकली, परत बसवलं. हिस्टरीला हात लावला नाही. पुसायची चूक मी एकदा केली होती. मग राजाभाऊ दारातल्या हमालाशी बोलायला वळले तेवढ्यात एक विंडो ठेवून बाकी सगळ्या बंद केल्या. तिच्या कडा धरल्या, आणखी थोड्या आत ओढल्या, कोपऱ्याला नीट टेकवल्या, कंट्रोल दाबून धरलं आणि बंद केली. परत उघडून बघितली. तेवढीच उघडली.

"नाही होत," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"जुनं मशीन आहे. याच्या आतच दोष आहे. कुणी काही करत नाही, आपोआप होतं. दुरुस्त होणार नाही हे."

"एवढं साधं काम येत नाय?" राजाभाऊ हसले. "काय राव! सासरे तर तुमची केवढी तारीफ करत होते. नाशिकहून आलात आणि..."

"नाही येत, भाऊ," मी म्हणालो. "माझ्याच्यानं नाही होत."

त्यांनी हात झटकला आणि हमालाला हाका मारत बाहेर गेले.

आतून वैष्णवी आली. अंगानं भरली होती, डोक्यावरून पदर होता. तिनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. बशी कोरडी होती, एक थेंबही सांडलेला नव्हता.