फेरीमागे वीस

जीवरामने नव्या बांधावरच्या लोखंडी कडीला दोन्ही हातांनी हिसका दिला. कडी जागची हलली नाही. तरी त्याने पुन्हा एकदा ओढून पाहिली, तेव्हा मागे उभा असलेला सरपंच ज्ञानेश्वर हसला.

"नाना, आता ती उपटून घरी नेता का काय? गावना बांध शे तो!"

लोक हसले. जीवरामही हसला, पण कडीवरचा हात काही त्याने काढला नाही.

बांध खरोखर देखणा झाला होता. बॅरेजमुळे तापी इथे अशी काही पसरली होती, की उन्हाळ्यात वावधान, म्हणजे वादळी वारा, सुटलं की कोळ्यांच्या छोट्या होड्यांना लपायला जागाच उरत नसे. अर्ज करून करून लोकांच्या चपला झिजल्या. शेवटी गावानेच ठरवलं, पैलतीरी माणसं आणि मोटारसायकली नेणाऱ्या मोठ्या लाँचवाल्यांनी फेरीमागे वीस रुपये द्यायचे आणि त्यातून काळ्या दगडाचा आडोसा बांधायचा. बाकीचे लाँचवाले महिनाभर कुरकुरले. जीवराम चकार शब्द बोलला नाही. उलट रिकाम्या फेरीचेही वीस टाकत गेला. माणूस असावा तर असा, असं गाव म्हणे. ते ऐकलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

कसा उतरेल? चार वर्षांपूर्वी वैशाखातल्या त्या दुपारी त्याची लाँच खडकाच्या एकुलत्या एका खोबणीत सुखरूप उभी होती. निळा रंग नुकताच मारलेला. वना कोळी आपली होडी लाटांतून कशीबशी तिथवर घेऊन आला आणि ओरडला, "जीवरामभाऊ, दोर फेक!" जीवरामने ऐकलं. होडी आपटली तर रंग खरवडेल, असं त्याच्या मनात आलं. जरा वारा पडू दे, मग फेकू. वारा पडला तेव्हा होडी पालथी तरंगत होती. पोलिसांना, गावाला, वनाच्या बायकोला त्याने एकच सांगितलं, वाऱ्यात काही ऐकू आलं नाही.

तेव्हापासून वारा सुटला की वना हाक मारी. लाँचच्या इंजिनातून, देवळातल्या भजनातून, कधी भरल्या ताटावर. मेला माणूस पाठ सोडत नव्हता. बांध पुरा झाला की सोडेल, एवढ्याच आशेवर जीवराम फेऱ्या मारत होता.

गावचा रिवाज असा, की नव्या धक्क्याला पहिली होडी लागायची ती नदीनं ज्याचा माणूस नेला त्या घरची. आणि तिचा दोर धरायचा तो धक्क्यासाठी ज्यानं सगळ्यात सैल हातानं पैसा दिला त्यानं. म्हणून वनाची बायको, बेबाबाई, स्वतः वल्हं मारत आली आणि तिने जीवरामकडे दोर फेकला. त्याने झेलला. तिला वर यायला हात दिला. सगळे नारळ फोडण्याच्या गडबडीत होते. त्याला आता राहवेना.

"वहिनी, माले त्या दिन ऐकू उनं व्हतं."

बेबाबाईने पदराचं ओलं टोक पिळलं.

"माले ठाऊक शे. मी काठवर व्हतू. मी बी आरोळी मारी. तुम्हीन वळीसन दखं व्हतं."

जीवरामने खरंच वळून पाहिलं होतं.

"मंग... गावले का नही सांगं?"

"सांगं असतं तर तुमनी लाँच बंद पडती. मंग हाऊ बांध कोण बांधतं? आख्खा गावना माणसे ह्याच पाणीवर जातस."

फेरीमागे वीसची गोष्ट सभेत पहिल्यांदा हिनेच काढली होती.

तेवढ्यात भोंग्यातून ज्ञानेश्वरचा आवाज आला. आता बेबाबाईंनी दोन शब्द बोलावेत, अशी त्याने विनंती केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेबाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला.

"आते बांध व्हई गया, भाऊ," ती म्हणाली, आणि माईककडे चालू लागली.

जीवराम दोर कडीला बांधू लागला. आयुष्यभर दोर बांधलेला माणूस, पण त्याला साधी गाठ मारता येईना. मागे भोंगा खरखरला, बेबाबाईने घसा साफ केला आणि अख्खा काठ गप्प झाला.